साकोली शाखेचं विलीनीकरण

"शेटे, साकोलीची शाखा आज संध्याकाळच्या आत मुख्य शाखेत विलीन करून टाका. मला त्यावर चर्चा नको."

देवस्थळी साहेब माझ्या टेबलाशी उभं राहून, माझ्याकडं न बघता बोलले. हातात छत्री, खांद्यावर उपरणं. कुठल्याशा परिभाषा परिषदेचं अध्यक्षपद भूषवायला निघाले होते.

मी म्हटलं, "विलीन?"

"विलीन. मी मराठीत बोलतोय ना, शेटे?"

"आपल्याच मराठीत बोलताय, साहेब."

"मग करा. मी साडेचारला परततो. पाचला तबकडी जायची आहे. तोवर सगळं आटोपलेलं दिसलं पाहिजे."

ते जिना उतरून गेले. समोरच्या टेबलावर मैत्रेयी गोखले बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण ती मान खाली घालून कीबोर्डवर बोटं चालवत राहिली. कीबोर्डची वायर मात्र निघालेली होती.

आमची कंपनी बिबवेवाडीत, एका फर्निचरच्या गोदामाच्या डोक्यावर. खाली करवत चालू झाली की वर आमची अक्षरं थरथरायची. आम्ही 'निर्दोष' नावाचा प्रोग्राम बनवत होतो. संगणकावर मराठी लिहा, तो चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढणार. विदर्भातल्या शाळांमधल्या संगणकांत तो बसवायचं काम कंपनीला मिळालं होतं, आणि त्या दिवशी त्याची मूळ तबकडी, म्हणजे जगाची सीडी, रवाना व्हायची होती.

देवस्थळी साहेब मालक. माणूस भाषेनं इतका सोवळा की त्यांना शिंक आली तरी विसर्गासकट यायची. हपिसात इंग्रजी शब्द निघाला की त्या दिवशी बिनसाखरेचा चहा, ही त्यांची शिक्षा. आमच्यातल्या एकाचा मधुमेह त्यावर बरा झाला. तो तुम्हाला भेटला तर विचारा, मात्र तो नाही म्हणेल. मी बार्शीचा. आमच्याकडं खोटं बोलण्यापेक्षा कंटाळवाणं बोलणं मोठं पाप समजतात.

तर साहेबांनी आमच्या धंद्यातल्या एकूण एक शब्दाला मराठी शब्द काढला होता. त्याची परिभाषा छापून भिंतीला लावली होती, आणि तिच्याबाहेरचा शब्द कामात वापरायचा नाही, नवा घालायचा तर साहेब, मैत्रेयी आणि मी अशा तिघांचं एकमत हवं, असा दंडक होता. तुम्ही संगणकवाले नसाल तर त्यातलं थोडंसं समजून घ्या. एकच प्रोग्राम वेगवेगळ्या गावची माणसं लिहीत असली की प्रत्येकाच्या लिखाणाची निराळी फांदी राहते. ती शाखा. दूरच्या शाखेवरचं लिखाण आपल्या संगणकावर नुसतं उतरवून घ्यायचं, त्याला सगळं जग फेच म्हणतं. आमच्याकडं 'आणणं'. आणि ते आपल्या मूळ लिखाणात मिसळून एकजीव करायचं, त्याला जग मर्ज म्हणतं. आमच्याकडं 'विलीन करणं'. आणणं म्हणजे नवरीला वरातीतून दारापर्यंत आणणं. विलीन करणं म्हणजे तिनं माप ओलांडणं. मधे उंबरा असतो, आणि त्या उंबऱ्यावर सगळी भांडणं.

साकोली हे भंडारा जिल्ह्यातलं गाव. तिकडं आमचं एक खोलीचं हपिस होतं, कारण काम विदर्भातलं, तर तिथं माणूस असावा अशी अट होती. तो माणूस म्हणजे हेमलता कापगते. नागपूरला मराठीत एम.ए. केलेली, जीभ विळ्यासारखी. तिनं वर्षभर तिकडचे शब्द जमवले, तिकडच्या बोलण्याचे नियम लिहिले आणि ते साकोलीच्या शाखेवर चढवले. मी दर आठवड्याला ते आणायचो. पण साहेबांचा हुकूम होता: आणा, बघा, विलीन करू नका.

दर सोमवारी तिचा फोन यायचा.

"शेटेजी, घेतलं का आमचं?"

"आणलंय."

"आणलं म्हणजे घेतलं का?"

"नाही. दारात आहे."

"वर्ष झालं जी. एवढ्यात तं नवरी दारातच म्हातारी होते."

एकदा मात्र तिनं थट्टा केली नव्हती. तिनं आपल्या आईला संगणकासमोर बसवलं होतं, आणि आई बोलली ते जसंच्या तसं 'निर्दोष'मध्ये टाइप केलं होतं. काहून बसून राहिली वं पोरी, वाडीतला सांबार तोडून आन. एवढंच वाक्य. त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल.

"मायनं विचारलं, हे रगत कायचं होय," हेमलता म्हणाली. "म्या सांगितलं, चूक दाखवते. तं म्हणे, मंग मी सारीच चुकली का? शेटेजी, हेच पोट्ट्यांच्या शाळेत जाईल. घरून जे बोलत येतील ते सारं लाल दिसेल. तुम्ही काही करून नाही राहिले."

ती तक्रार मी साहेबांपुढं ठेवली. त्यांनी ते वाक्य आवडीनं लिहून घेतलं. अशुद्धाचा इतका चोख नमुना त्यांना मिळाला नव्हता. तेव्हापासून प्रोग्रामची चाचणी घ्यायची तर ते हेच वाक्य टाइप करायचे आणि लाल रेघ उमटली की समाधानानं मान हलवायचे.

मैत्रेयीनं आता कीबोर्डची वायर खोचली.

"काका, सर ऑफिस बंद करायला सांगून गेलेत. साकोलीचं."

"आज तुझा चहा बिनसाखरेचा. आणि 'बंद' हा शब्द ऐकलास तू?"

"ते बंद म्हणत नाहीत. त्यांना तो शब्द ग्राम्य वाटतो. बँकेची शाखा बंद करतात तेव्हासुद्धा विलीनच म्हणतात. काका, तुम्हाला कळलंय."

कळलं होतंच. खोली सोडायची, संगणक गुंडाळून मागवायचे, सर्व्हरवरची साकोलीची शाखा पुसायची आणि बाईंना घरी बसवायचं. तबकडी एकदा गेली की त्या खोलीची अट संपत होती. हे सगळं मला माहीत असताना फोन वाजला.

"शेटेजी, तोंड उघडा. पेढा देऊन राहिली."

"कसला पेढा?"

"साहेबांचा सकाळीच फोन आला होता. म्हणे, आपली शाखा आज मुख्य शाखेत विलीन होत आहे, आपल्या सेवेबद्दल आभार. म्या दोनदा विचारलं, सारी विलीन का थोडीशी? म्हणे, संपूर्ण. शेटेजी, मी तिथंच खाली बसली. मायला सांगितलं, झालं तुझं बोलणं पास. ती आता गल्लीभर सांगून राहिली."

मैत्रेयीला फोनमधून येणारा आवाज ऐकू जात होता. तिनं बोटं कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवली.

"आहात का जी?"

"आहे," मी म्हटलं. "बाई, तुम्ही फोनजवळ राहा. विलीन करताना अडलं तर विचारावं लागेल."

फोन ठेवला.

"काका," मैत्रेयी म्हणाली, "तुम्ही हे करणार नाही."

"भिंतीवर बघ काय लिहिलंय. शाखा विलीन करणे. अर्थ वाच."

"मला पाठ आहे. मीच टाइप केलाय."

"मग? मालकानं मालकाच्याच परिभाषेत हुकूम दिलाय. तोही साक्षीदारासमोर. मी नोकर माणूस, न ऐकून सांगू कुणाला?"

"तुमची नोकरी जाईल."

"त्यांनी मला काढायचं पत्र लिहायला घेतलं तर शुद्धलेखनासाठी तुझ्याकडंच येईल. वेलांट्या काढत बस सावकाश."

आणि मी साकोलीची शाखा आणली, अन् उंबऱ्यावर न थांबवता सरळ आत घेतली.

आता मला वाटलं होतं, गोदामाचं छत कोसळेल. तसं काही झालं नाही. शब्द वऱ्हाड उतरावं तसे उतरले. 'का'च्या शेजारी काहून आला, टोमॅटोच्या शेजारी भेदरं आलं, पोट्टे आले, त्यांच्यामागं त्यांच्या मावश्या आल्या. खालची करवत बंद पडली. सुतारसुद्धा ऐकायला थांबले असतील, मी काही बघायला गेलो नाही. पण सगळं आत आल्यावर दोन ठिकाणी गाडं अडलं.

या व्यवस्थेचा एक गुण सांगितला पाहिजे. दोन शाखांनी एकाच ओळीत निरनिराळं लिहिलं असेल तर ती स्वतः न्याय देत नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडते, मधे बरोबरच्या चिन्हांची भिंत घालते, वरून आणि खालून बाण रोखते, आणि माणसाला म्हणते, कर आता निवाडा. त्याला परिभाषेत संघर्ष म्हणायचं. आम्ही साहेब नसताना भांडण म्हणायचो.

पहिलं भांडण सांबारावर. भिंतीच्या वर पुण्यानं लिहिलं होतं, सांबार: इडलीबरोबर खायचं डाळीचं आंबट कालवण. भिंतीच्या खाली साकोलीनं लिहिलं होतं, सांबार: कोथिंबीर.

मैत्रेयी तोवर खुर्ची ओढून माझ्या शेजारी आलीच होती. "कोथिंबीर? हे कसं शक्य आहे?"

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ताई," हेमलता म्हणाली, "इथं बाजारात जाऊन कोथिंबीर मागितली तं भाजीवाली विचारते, कोणत्या गावच्या हो तुम्ही?"

"मग तुम्ही इडलीबरोबर काय खाता?"

"सांबारच. वरून सांबार टाकून."

मैत्रेयी हसायची नाही कधी. तेव्हा हसली. मग मला म्हणाली, "पण काका, एक कोणतं तरी ठेवावं लागेल ना?"

"का?"

"म्हणजे... एका शब्दाचे दोन अर्थ."

"मधली भिंत पुस. बाण पुस. दोन्ही ओळी राहू देत. झालं भांडण मिटलं."

तिनं भिंत पुसली. दोन्ही सांबार एकाखाली एक नांदू लागले.

दुसरं भांडण मात्र अवघड होतं, कारण ते खुद्द मैत्रेयीशी होतं. 'जाऊन राहिली', 'करून राहिलो' असं कुणी लिहिलं की लाल रेघ ओढायची आणि 'जात आहे', 'करत आहे' असं सुचवायचं, हा नियम तिनं लिहिलेला. साहेबांनी त्याबद्दल तिचा शाल देऊन सत्कार केला होता. त्याच ओळीवर साकोलीनं लिहिलं होतं की ही रूपं बरोबर समजावीत.

"हे मी नाही मान्य करणार," मैत्रेयी फोनकडं बघत म्हणाली. "शब्द ठीक आहेत. पण हे व्याकरण आहे."

"आमचंही व्याकरणच होय, ताई. एक विचारू? 'टिकून राहिली' चालते का तुम्हाला?"

"चालतं."

"'अडून राहिली'?"

"चालतं. तो अर्थ वेगळा आहे."

"'वाट पाहून राहिली'?"

मैत्रेयीनं पडद्यावरचा आपला नियम पुन्हा वाचला.

"आम्ही जरा जास्त क्रियापदांना राहायला जागा दिली, एवढंच. तुमच्याकडं जागेची टंचाई असेल."

"कापगतेबाई, टोमणे नकोत."

"नाही जी. टोमणा कायले मारू? मी पण तुमच्यासारखीच एम.ए. आहे. परीक्षेत 'जात आहे' लिहिलं म्हणून पास झाली. घरी तसं बोलली तं माय म्हणे, तब्येत बरी नाही का वं? ताई, 'निर्दोष' परीक्षेत बसवा, माझी ना नाही. पण पोरगं मायबद्दल लिहिते तिथं कायले बसवता?"

मी माउसवर हात ठेवला तशी मैत्रेयी म्हणाली, "थांबा. ती ओळ माझी आहे. मीच काढणार."

आणि तिनं ती काढली. त्या ओळीसाठी मिळालेली शाल तिच्याच खुर्चीच्या पाठीवर होती, तिनं ती घडी करून पिशवीत टाकली. मग विलीनीकरणाची नोंद करायची वेळ आली. मी लिहिलं: मालकांच्या आदेशानुसार साकोली शाखा मुख्य शाखेत संपूर्ण विलीन. आणि त्याच प्रतीवरून तबकडी तयार केली.

साहेब परतले ते श्रीफळासकट.

"आटोपलं?"

"आटोपलं, साहेब. संपूर्ण."

"त्रास नाही ना दिला बाईंनी?"

"उलट पेढे वाटले."

साहेबांना ते जरा विचित्र वाटलं असावं, पण त्यांनी उपरणं काढून ठेवलं आणि तबकडी जाण्याआधीची शेवटची चाचणी घ्यायला माझ्या खुर्चीत बसले. तेच वाक्य टाइप केलं. काहून बसून राहिली वं पोरी, वाडीतला सांबार तोडून आन. आणि मान हलवायच्या तयारीत थांबले.

पडद्यावर वाक्य नुसतं उभं होतं. स्वच्छ. खाली काही नाही.

त्यांनी चष्मा पुसला. वाक्य पुन्हा टाइप केलं. मग बोटानं पडद्याच्या काचेवर घासलं.

"शेटे, हे काय आहे?"

"साकोली शाखा, साहेब. विलीन झालेली."

"मी कार्यालयाविषयी बोलत होतो."

"आपण शाखा म्हणालात."

"शाखा म्हणजे कार्यालय."

"परिभाषेत तसं नाही," मी भिंतीकडं बोट दाखवलं. "क्रमांक सांगू का?"

त्यांचा चेहरा असा लाल झाला की 'निर्दोष'नं त्याखाली रेघ ओढली असती. ते ओरडायचे नाहीत. हळू बोलायचे, आणि ते जास्त वाईट असायचं.

"त्या बाईंना फोन लावा. मीच सांगतो काय ते."

मी लावला. साहेबांनी रिसीव्हर कानाला लावला, घसा साफ केला, "कापगतेबाई," एवढंच म्हणाले, आणि पुढं त्यांना बोलायला मिळालंच नाही. पलीकडून आवाजांचा लोंढा आला. मग आवाज बदलला. स्पीकर अजून चालूच होता.

"तुमीच का जी ते मोठे सायेब? मी हेमाची माय बोलतो. माह्या बोलन्याखाली रगत दिसे. आता नाही दिसत म्हने. तुमी पुसलं म्हने. देव तुमचं भलं करो जी."

साहेबांचं तोंड उघडं होतं. त्यात 'बंद' नव्हताच कधी, पण त्या वेळी 'विलीन'सुद्धा सापडेना.

"नमस्कार," ते म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवला.

मला वाटलं, विरघळले. छे. असा माणूस फोनवर विरघळत नसतो. ते मैत्रेयीकडं वळले.

"गोखले, तुम्ही तरी शुद्धीवर आहात. तबकडी वीस मिनिटांनी जाणार आहे. हे जे मिसळलंय ते काढा. काढता येतं ना?"

इथं तुम्हाला सांगून ठेवतो. काढता येतं. एका आज्ञेत, पाणी प्यायला लागतो त्याहून कमी वेळात. जगातल्या कुठल्याही प्रोग्रामरला विचारा. मैत्रेयीला ते झोपेतही आलं असतं. आणि ही मुलगी खोटं बोलणारी नव्हे. कामवालीनं दांडी मारली तर तिच्या वतीनं खरं कारण सांगणारी. मी डोळे मिटले.

"आपल्या परिभाषेत तशी आज्ञा नाही, सर," मैत्रेयी म्हणाली.

मी डोळे उघडले.

"म्हणजे?"

"आणणे आहे. विलीन करणे आहे. नोंद आहे, संघर्ष आहे. विलीन केलेलं परत फिरवायला आपण शब्दच काढलेला नाही. आणि परिभाषेबाहेरचं काही वापरायचं नाही, असा आपला नियम आहे."

"मग आत्ता काढू शब्द. त्यात काय?" साहेब सरसावले. शब्द काढायचा म्हटल्यावर ते स्वतःच्या तेराव्यातूनही उठून आले असते. "प्रत्यावर्तन."

"नियम आहे, सर. तिघांचं एकमत लागतं. मला तो लांब वाटतो. शाळेतल्या मुलांना लिहिता येणार नाही."

"परतावा."

"तो विम्याचा," मी म्हटलं.

"उलटवणे."

"जेवणाच्या आसपास बरा नाही वाटत, साहेब."

"विलगीकरण."

"दवाखान्यातला आहे," मैत्रेयी म्हणाली.

घड्याळ पुढं चाललं होतं. खाली तबकडी न्यायला आलेल्या माणसानं मोटारसायकलचा हॉर्न वाजवला. साहेबांच्या कपाळावर घाम आला.

"मग तुम्ही सुचवा."

मैत्रेयी उठली. खडू घेतला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला, ठळक.

माघार.

"शुद्ध आहे," ती म्हणाली. "छोटा आहे. पुण्यालाही कळतो, साकोलीलाही कळतो. याला माझं मत आहे. काका?"

"माझंही."

"आता फक्त आपलं राहिलं, सर. आपण 'माघार' मान्य केलीत की मी लगेच नोंद करते, आणि घेते."

देवस्थळी साहेब फळ्यासमोर उभे राहिले. त्या शब्दात खोट काढायला त्यांनी जिवाचं रान केलं. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, व्युत्पत्ती बघितली. खोट सापडेना. शब्द खरोखरच चांगला होता. खाली पुन्हा हॉर्न वाजला.

शेवटी त्यांनी डस्टर उचललं आणि फळा पुसला.

"हा शब्द," ते म्हणाले, "माझ्या परिभाषेत येणार नाही."

"लिहून घेऊ का तसं, सर?"

"घ्या."

मैत्रेयीनं लिहून घेतलं. मी तबकडी उचलली आणि जिना उतरून मोटारसायकलवाल्याच्या हातात दिली.